रंग बदलणारी द्रवस्फटिक फिल्म वापरताना या चुका टाळा

द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) म्हणजे द्रवासारखा, पण रेणूंची ठरावीक रचना असलेला पदार्थ. तापमान दाखवणाऱ्या द्रवस्फटिक पट्ट्या बाजारात सहज मिळतात. आर्द्रता ओळखणाऱ्या पॉलिमर फिल्म मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांतच दिसतात. दोन्हींच्या बाबतीत बहुतेक घोटाळे एकाच समजुतीतून होतात, ती म्हणजे फिल्मचा रंग हा रंगद्रव्याचा असतो. प्रत्यक्षात फिल्ममधील रेणू मळसूत्रासारखे पीळ घेत रचलेले असतात आणि एका पूर्ण पिळाच्या लांबीला अपवर्तनांकाने (पदार्थात प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणले असता जी तरंगलांबी येते, त्या तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित होतो. अपवर्तनांक 1.5 आणि पीळ 400 नॅनोमीटरचा असेल तर 600 नॅनोमीटरचा नारिंगी रंग दिसतो. पीळ 300 नॅनोमीटरवर आला की 450 नॅनोमीटरचा निळा.

यामुळेच लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे थंड हा अंदाज फसतो. तापमानाच्या नेहमीच्या पट्टीत उष्णता वाढली की पीळ आखडतो आणि रंग लालाकडून हिरव्या-निळ्याकडे जातो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केलेली आर्द्रतेची फिल्म याच्या उलट वागते: ती पाणी शोषून फुगते, पीळ लांबतो आणि रंग लालाकडे सरकतो.

दुसरी चूक पाहण्याच्या कोनाची. उजेड आणि नजर दोन्ही सुमारे 50 अंश तिरके असतील, तर समोरून नारिंगी दिसणारी हीच फिल्म हिरवी दिसते, आणि भिंतीवर उंच लावलेल्या पट्टीपुढे उभी राहिलेली दोन माणसे दोन वेगळी अनुमाने काढतात. पट्टी डोळ्यांच्या पातळीवर लावावी आणि रोज एकाच जागेवरून पाहावी. मोबाइलच्या फोटोवरून रंग ठरवायचा असेल तर कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवण्याची सोय बंद करावी. फिल्मच्या मागे काळा कागद हवाच, कारण जो प्रकाश आरपार जातो तो पांढऱ्या भिंतीवरून परत आला की मूळ रंग फिका पडतो.

विदर्भात तापमानाच्या मर्यादेचा प्रश्न फार मोठा आहे. कपाळावर लावण्याची 35 ते 40 अंशांची पट्टी मे महिन्यात 44 अंशांच्या वर्गखोलीत काळी पडते; ती बिघडलेली नसते, मर्यादेबाहेर गेलेली असते. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये पत्र्यावर चिकटवलेली पट्टी तर पत्र्याचेच तापमान सांगते. ती पिल्लांच्या उंचीवर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी टांगावी, कारण थेट उन्हातील अतिनील किरणांनी पट्टी कायमची निकामीही होते.

सोयाबीनच्या कोठारात आर्द्रतेची फिल्म लावून पाहणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: फिल्म पोत्यांभोवतीच्या हवेची आर्द्रता दाखवते, दाण्यांतील ओलावा नव्हे. साठवणुकीसाठी ओलावा 12 टक्क्यांच्या आत आहे की नाही, हे ओलावामापकानेच तपासावे लागते. शेजारच्या खोलीत कूलर सुरू असेल तर फिल्म त्याचीच हवा वाचते, हे वेगळे सांगायला नको. कोणता रंग किती आर्द्रतेचा, हे ठरवण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल एवढे पाणी घालावे आणि ते झाकण फिल्मसह हवाबंद बरणीत काही तास ठेवावे. आत सुमारे 75 टक्के आर्द्रता तयार होते आणि त्या वेळचा रंग खूण म्हणून रंगांच्या तक्त्यात टिपून ठेवता येतो. ही तपासणी मे महिन्यात करून तोच तक्ता श्रावणात वापरू नये. या फिल्मवर तापमानाचाही परिणाम होतो, म्हणून शेजारी साधा थर्मामीटर ठेवावा आणि हंगाम बदलला की तक्ता नव्याने करावा.

सर्वांत धोक्याची चूक शीतसाखळीत, म्हणजे लशी सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत, होते. लशीच्या कुपीवरील चौकोनी निर्देशक द्रवस्फटिकाचा नसतो. त्याचा रंग उष्णतेने हळूहळू गडद होतो आणि परत फिरत नाही. साधी द्रवस्फटिक पट्टी मात्र फ्रीज पुन्हा थंड झाला की मूळ रंगावर येते. रात्री वीज गेली, आतले तापमान 8 अंशांच्या वर चढले आणि पहाटे पुन्हा उतरले, तर सकाळी पट्टी पाहून काहीच कळणार नाही. लशीचा निर्णय कुपीवरील निर्देशकावर आणि फ्रीजच्या तापमान नोंदीवरच घ्यावा.