युनिव्हर्सिटी इंटरनॅशनल करताय? या चुका टाळा

युरोपात जवळपास प्रत्येक युनिव्हर्सिटीकडे इंटरनॅशनलायझेशनची स्ट्रॅटेजी असते आणि वाचायला ती छानच वाटते, पण गाडी अडते ती खाली, डिपार्टमेंटात नाहीतर परीक्षा विभागात, कारण ज्यांना ती राबवायचीय त्यांना आधी कुणी विचारलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वरून ऑर्डर काढून सगळं एकदम इंग्रजीत करणं. मिलानच्या पोलितेक्निकोनं 2012 ला ठरवलं, की 2014 पासून मास्टर्स आणि पीएचडी फक्त इंग्रजीत. तिथलेच प्राध्यापक कोर्टात गेले, केस इटलीच्या घटनात्मक कोर्टापर्यंत पोचली आणि 2017 मध्ये निकाल आला, इंग्रजी कोर्स चालवा पण इटालियनला पूर्ण बाहेर काढता येणार नाही. म्हणून आधी शिकवणाऱ्यांशी बोला, कुठल्या कोर्सला इंग्रजीची खरंच गरज आहे ते ठरवा, त्यांना तयारीला वेळ द्या, आणि बाहेरून आलेल्या मुलांना पहिल्या सेमिस्टरपासून स्थानिक भाषा क्रेडिटसकट शिकवा.

क्रेडिटचा घोळ तर जुनाच. इरॅस्मस, म्हणजे युरोपातली विद्यार्थी देवाणघेवाणीची योजना, 1987 पासून चालू आहे, वर्षाला 60 ईसीटीएस (युरोपभर चालणारे क्रेडिट) हे सगळ्यांना पाठ आहे, तरी पोरगं परदेशात सेमिस्टर करून परत आलं की प्राध्यापक म्हणतात तुझा विषय आमच्याशी जुळत नाही. परदेशात कुठले विषय घ्यायचे ते जाण्याआधी ठरवणाऱ्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर सही करतानाच त्यांना सामील करा, आणि विषयाचं नाव बघू नका, मुलगा शिकून काय येणार ते बघा.

राहायची सोय नसताना प्रवेशाच्या जागा वाढवणं, ही चूक मला खरंच माफ करण्यासारखी वाटत नाही. आम्स्टरडॅमच्या युनिव्हर्सिटीला शेवटी मुलांना सांगावं लागलं, की खोली मिळाली नसेल तर येऊच नका. तेव्हा अ‍ॅडमिशनचा आकडा ठरवायच्या मीटिंगला हाउसिंगवाला माणूस हवाच.

फीचंही तसंच, स्वीडननं 2011 मध्ये युरोपबाहेरच्यांना फी लावली आणि तिकडून येणारी मुलं झपाट्यानं कमी झाली. स्कॉलरशिप आधी, फी नंतर.

अजून एक. 2009 मध्ये युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी टार्गेट ठेवलं होतं, 2020 पर्यंत 20 टक्के ग्रॅज्युएट परदेशात शिकून आलेले असावेत, म्हणजे तेवढं जमलं तरी 80 टक्के घरीच, आणि त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी काहीच प्लॅन नसतो! त्यांच्या रोजच्या कोर्समध्येच बाहेरच्या मुलांसोबत प्रोजेक्ट ठेवा, ग्रुप शिक्षकांनी पाडावेत, नाहीतर पुण्याहून आलेली पोरं एका बाकावर आणि स्थानिक दुसऱ्या.