मॉर्वेन्स्टोच्या रजिस्टरात जुनं लग्न कसं शोधावं

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या उत्तर टोकाला, अटलांटिकच्या कड्यांवर मॉर्वेन्स्टो नावाची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आहे. विखुरलेली शेतं, मेंढरं आणि एक जुनं चर्च. रॉबर्ट स्टीफन हॉकर १८३४ पासून १८७५ पर्यंत इथला व्हिकर, म्हणजे पाद्री, होता. बुडालेल्या खलाशांची प्रेतं किनाऱ्यावरून वर आणून तो त्यांना रीतसर मूठमाती द्यायचा. १८४२ साली फुटलेल्या 'कॅलेडोनिया' जहाजाच्या पुढच्या टोकावरची बाईची लाकडी मूर्तीही त्याने चर्चच्या आवारात उभी केली. हे वाचण्यात एक संध्याकाळ सहज जाते आणि लग्न शोधायचं राहून जातं. माझं गेलं होतं.

आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांना गाव-आडनाव सांगितलं की चोपडीतून घराणं निघतं. इथे लग्न चर्चच्या रजिस्टरात शोधायचं, त्यासाठी आधी साल पक्कं करा, निदान दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात. त्या त्या काळी कायद्याने जेवढं विचारलं, तेवढंच रजिस्टरात उतरलं आहे.

सुरुवात फुकटात होते. 'कॉर्नवॉल ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स' या स्वयंसेवकांच्या सूचीत पॅरिश निवडा आणि आडनाव टाका. नाही सापडलं तर स्पेलिंग बदला. कानावर पडलं तसं लिहिलं जायचं, आणि ज्याचं लग्न त्यालाच वाचता येत नसेल तर चूक दाखवणार कोण?

नोंद सापडली की तिचा काळ बघा. पॅरिशांनी रजिस्टर ठेवावं हा हुकूम १५३८ चा. पण १७५४ पूर्वीच्या नोंदीत बहुतेक वेळा नुसती दोन नावं आणि तारीख असते. तारखेतही मेख आहे: १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे रजिस्टरातला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने १७२१ चा. '७बर' लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. हे न कळल्यामुळे लग्नाआधीच पोरं जन्मलेली वंशावळ मी एकदा तयार केली होती!

हार्डविकचा लग्नांविषयीचा कायदा २५ मार्च १७५४ ला लागू झाला आणि नोंद बोलकी झाली. लग्न बॅन्स वाचून झालं, म्हणजे तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा करून, की लायसन्स काढून, ते कळतं. वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. सही येत नसेल तिथे शाईची फुली आणि तिच्या आजूबाजूला पाद्र्याच्या अक्षरात त्या माणसाचं नाव. बापाचं नाव मात्र अजून नाही. ते, त्याच्या धंद्यासकट, १ जुलै १८३७ पासून येतं. तेव्हाच्या वयाच्या रकान्यात 'फुल एज' दिसलं तर वय २१ किंवा वर, एवढंच समजायचं. आईच्या नावाला तर २०२१ पर्यंत जागा नव्हती.

बॅन्सच्या वहीत जोडपं सापडलं म्हणून लग्न झालं असं धरू नका. पुकारा होऊनही मोडलेली लग्नं असतात.

मॉर्वेन्स्टोत काहीच नसेल तर शेजारी जा. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये लागे, आणि इथून शेजारच्या डेव्हन परगण्याची हद्द पायी जाण्याइतकी जवळ. म्हणून तिकडच्या वेलकम आणि हार्टलंड या पॅरिशही चाळा. शिवाय पॅरिशांतून दरसाल रजिस्टराची एक नक्कल बिशपकडे, म्हणजे पाद्र्यांच्या वरिष्ठाकडे, जायची. कॉर्नवॉलला ट्रुरोचा स्वतंत्र बिशप १८७६-७७ च्या सुमारास मिळाला, त्याआधी सगळा कारभार डेव्हनमधल्या एक्झिटरच्या बिशपचा. मूळ पान फाटलेलं असलं तर नक्कल एक्झिटरच्या दप्तरात विचारा.

शेवटी सूचीवर न थांबता मूळ पानाचं छायाचित्र मिळवा. कॉर्नवॉलची जुनी रजिस्टरं रेडरूथच्या 'क्रेसेन केर्नो' या अभिलेखागारात असतात. पान हाती आलं की साक्षीदारांची नावं टिपा. त्यांत वधूची बहीण किंवा वराचा भाऊ निघू शकतो. मात्र आधी चार पानं मागेपुढे उलटा. तोच साक्षीदार दर लग्नाला हजर दिसला, तर तो बहुधा चर्चचा क्लार्क, म्हणजे तिथला कारकून. त्याला मामा समजून वंशावळीत बसवू नका.