'तुमच्याकडूनच का घ्यावी?' स्वच्छ इंधनाच्या व्यवसायाचं वेगळेपण कसं ठरवावं

सुधारित शेगडी, शेणाचा गॅस, पेलेटची (भुसा-टरफलं दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्यांची) भट्टी, यांपैकी काहीही विकायला घ्या. पहिल्या पत्रकावर तीच ओळ छापली जाते: 'धूर नाही, आरोग्य उत्तम, इंधनाची बचत.' ओळ खोटी नाही. पण हीच ओळ गॅस एजन्सीवालाही म्हणू शकतो, आणि त्याच्या पाठीशी सरकारची योजना आहे. मग गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल?

व्यवस्थापनाच्या भाषेत ज्याला 'युनिक व्हॅल्यू प्रपोझिशन' म्हणतात ते या प्रश्नाचं उत्तर असतं. आत्ता जे चाललंय ते सोडून मी हे का घ्यावं, आणि तुमच्याकडूनच का घ्यावं? हे उत्तर ऑफिसात बसून सापडत नाही. ग्रामीण भागात सुधारित शेगड्या विकताना मला जे कळलं, ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी 1: आधी स्वयंपाकघरात बसा

विकायला नको, नुसतं बघायला जा. सकाळी सहाला जा आणि शेवटची भाकरी होईपर्यंत उठू नका.

दिंडोरी तालुक्यातल्या एका घरात आम्ही आमची शेगडी घेऊन गेलो होतो. भात झटपट शिजला, धूर जवळजवळ नव्हता, भांड्याचं बूड फारसं काळं झालं नाही. जमलेल्या बायका कौतुक करत होत्या. मग घरच्या वहिनींनी परात पुढे ओढली, भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. आणि तवा उतरवून हातात भाकरी घेऊन त्या थांबल्या. "दादा, आता ही शेकू कुठं?"

चुलीत त्या भाकरी तव्यावरून काढून तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करत. तिथंच ती टम्म फुगते. आमच्या शेगडीत इंधन वरून घालायचं होतं, तोंड अरुंद होतं, निखारा बाहेर ओढायची सोयच नव्हती. प्रयोगशाळेतले आकडे चांगले होते, पण ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होते तिथं ती शेगडी अर्धाच स्वयंपाक करत होती. त्या दिवशी एकही शेगडी विकली गेली नाही, आणि ते योग्यच होतं.

त्याच घरात आणखी दोन गोष्टी दिसल्या. चुलीला वैल होता. पुढे भाकरी होत असताना मागे आमटी आपोआप उकळत राहायची, त्यासाठी वेगळं सरपण लागत नव्हतं. एकाच भांड्याची शेगडी दिली की हा वैल जातो, आणि 'वेळ वाचतो' हा तुमचा दावा तिथंच कोसळतो. दुसरी गोष्ट अंघोळीच्या पाण्याची. घरात गॅस होता, चहा-दूध त्यावरच व्हायचं. पण पाच माणसांचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापायचं. गॅसवर एवढं पाणी तापवणं परवडत नाही.

म्हणून वहीत लिहायचं ते हे: कुठला पदार्थ कशावर होतो, कोण करतं, इंधन कोण आणतं, पैसे कोण देतं. शेवटचे दोन बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. सरपण बाई आणते आणि शेगडीचे पैसे नवरा देतो. एका ताणकाट्यावर रोजचं सरपण तीन-चार दिवस तोलून घ्या. हा आकडा पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

पायरी 2: खरा स्पर्धक ओळखा

तुमचा स्पर्धक शेजारच्या तालुक्यातला दुसरा शेगडीवाला नाही. तो त्या घरात आधीपासून आहे.

उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत 14.2 किलोचा सिलिंडर पोचला. त्यामुळे 'चूल विरुद्ध आमचं उत्पादन' हे चित्र जुनं झालं. आता बहुतेक घरांत चूल आणि गॅस दोन्ही आहेत, आणि तुम्हाला तिसरी जागा शोधायची आहे. ज्यांच्याकडे सरपण फुकट येतं तिथं तुमचा स्पर्धक शून्य रुपयाचा आहे, त्याच्याशी किमतीवर झुंजता येत नाही. सिलिंडर भरायला एकरकमी पैसे लागतात ही अडचण मात्र खरी आहे. मजुरी आठवड्याला हातात येते, आठवड्याच्या बाजारात संपते. तुमचं इंधन पाच-दहा किलोच्या पिशवीत त्याच बाजारात मिळत असेल, तर हे वेगळेपण गॅसकडे नाही. ते लिहून ठेवा.

पायरी 3: एकच गिऱ्हाईक निवडा

इथं बहुतेक जण कचरतात. सगळ्यांना विकता येईल असं वाटत असतं. तीन माणसं समोर ठेवून बघू.

पहिला, संगमनेर-राहाता पट्ट्यातला चार-पाच जनावरांचा दूध उत्पादक. दोन घनमीटरच्या बायोगॅस संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एका घनमीटर गॅसची उष्णता साधारण 450 ग्रॅम एलपीजीएवढी. संयंत्र पूर्ण क्षमतेनं चाललं तर पंधरा-सोळा दिवसांत एका घरगुती सिलिंडरएवढा गॅस. घराला हे पुरून उरतं. पण हा माणूस गॅससाठी संयंत्र घेत नाही, कारण सिलिंडर त्याला परवडतो. त्याची पहिली हरकत असते, "शेण तर आमचं शेतात जातंच." हीच हरकत तुमची संधी आहे. शेण संयंत्रात गेलं तरी शेतातून जात नाही. दुसऱ्या तोंडानं स्लरी, म्हणजे पातळ खत, होऊन बाहेर येतं, त्यातलं नत्र बरंचसं टिकतं आणि तणाच्या बियांची उगवण कमी होते. म्हणजे इथं विकायची वस्तू स्लरी आहे, गॅस वरकमाई. आणि रोज शेण कालवणारी बहुधा त्याची बायको असते. तिला विचारल्याशिवाय करार करू नका. ती कंटाळली की सहा महिन्यांत संयंत्र बंद पडतं. थंडीत गॅस कमी होतो हेही आधीच सांगा.

दुसरा, नाशिकमधला मिसळवाला. त्याची चूल सकाळी पाचला पेटते, 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर लागतात, त्यावर सबसिडी नाही. त्याला धुराचं नाही, गल्ल्याचं बोला. त्याचा हिशेब पुढच्या पायरीत करू.

तिसरी, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरची बाई. सरपणाला पैसे जात नाहीत, पण डोक्यावरून मोळी तिलाच आणावी लागते. तिच्यासाठी किंमत म्हणजे मोळ्यांची संख्या. आठवड्याला चार मोळ्यांच्या दोन झाल्या तर तिला दोन फेऱ्या मोकळ्या मिळतात. ही गरज सगळ्यांत मोठी आहे. तरी प्रामाणिकपणे सांगतो, हातात भांडवल थोडं असेल तर नुसत्या विक्रीवर हा व्यवसाय तिथं उभा राहत नाही. आश्रमशाळेचं किंवा अंगणवाडीचं स्वयंपाकघर आधी गाठा. त्यातून पाय रोवले की बचत गटांमार्फत हप्त्यावर पाड्यात जा.

पायरी 4: हिशेब त्याच्या वहीत करा

मिसळवाल्याकडे परत येऊ. एक किलो एलपीजीत साधारण 46 मेगाज्यूल उष्णता असते, चांगल्या पेलेटमध्ये 16 च्या आसपास. शिवाय बर्नरपेक्षा पेलेटच्या भट्टीत जास्त उष्णता वाया जाते. सगळं धरून एका किलो गॅसच्या जागी साडेचार ते पाच किलो पेलेट लागतात. म्हणजे 19 किलोच्या सिलिंडरला साधारण 90 किलो. सिलिंडर 1,800 रुपयांना पडतो असं समजा. भागिले 90, म्हणजे 20 रुपये. पेलेट 20 रुपये किलोनं पोचवलीत तर त्याची बचत शून्य, आणि वर राख काढायचं काम. तो तुमच्याकडे वळायला हवा असेल तर दारात पोचलेला भाव 14-15 च्या पुढे जाऊन चालणार नाही. आजचे भाव घालून हे गणित स्वतः करा, मगच पत्रक छापा. पावसाळ्यात ओल लागली की पेलेटचा भुगा होतो, तेव्हा कोरडी साठवण कोण देणार हेही याच हिशेबात धरा.

या ठिकाणी 'ऊर्जा' शेगडीची गोष्ट माहीत असायला हवी. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर बीपी कंपनीनं ही पंखा लावलेली शेगडी 2006 च्या सुमारास महाराष्ट्रासह दक्षिणेतल्या राज्यांत आणली. इंधन म्हणजे शेतीच्या टाकाऊ मालाच्या पेलेट. सुमारे 4 लाख शेगड्या विकल्या गेल्या. पण ज्या कच्च्या मालापासून पेलेट व्हायच्या त्याचे भाव चढले, पेलेट महागल्या आणि घराघरांतल्या शेगड्या पडून राहिल्या. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं हा व्यवसाय घेतला आणि भर हॉटेलं-कँटीनच्या स्वयंपाकघरांवर दिला. शेगडी चांगली होती. गिऱ्हाईकाला दिलेला शब्द मात्र पेलेटच्या भावावर उभा होता, आणि तो भाव कंपनीच्या हातात नव्हता. तुमचं वेगळेपण कशावर उभं आहे आणि त्याची दोरी कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. शक्य असेल तर भुईमुगाच्या टरफलांचा किंवा लाकडाच्या भुशाचा वर्षभराचा करार आधी करून ठेवा.

पायरी 5: एक वाक्य लिहा

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कुणासाठी, त्याची अडचण, तुम्ही काय बदलता, आणि इतरांकडे नसलेलं काय. दूध उत्पादकासाठी ते असं होईल: 'चार-पाच गाई असलेल्या घराला तेच शेण आधी चुलीला आणि मग शेताला. संयंत्र बंद पडलं तर दोन दिवसांत आमचा माणूस दारात.' मिसळवाल्यासाठी: 'सिलिंडरपेक्षा कमी खर्चात तीच आच, पेलेट दर सोमवारी दुकानात पोचतील, भाव सहा महिने बदलणार नाही.'

'दोन दिवसांत माणूस' किंवा 'सहा महिने भाव' हीच खरी वेगळी गोष्ट. बाकी यंत्र उद्या कुणीही बनवेल. मात्र शब्द तेवढाच द्या, जेवढा पाळता येईल.

पुण्याच्या आरती संस्थेचा सराई कुकर इथं आठवतो. कांडी कोळशाच्या (शेतातल्या काडीकचऱ्याच्या कोळशापासून दाबून केलेल्या कांड्यांच्या) जेमतेम 100 ग्रॅमवर भात, वरण, भाजी एका वेळी शिजते, आणि समोर बसून राहावं लागत नाही. भाकरी त्यात होत नाही. पण 'लावून शेतावर जा, परत या, जेवण तयार' हे एक वाक्य शेतावर जाणारीला लगेच कळतं. इंधन किती वाचलं हे त्यानंतर सांगितलं तरी चालतं.

पायरी 6: मोजता येईल तेवढंच बोला

'धूरविरहित' हा शब्द जपून वापरा. भारतीय मानक आयएस 13152 प्रमाणे घरगुती जैवइंधनाच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता नैसर्गिक हवेवर किमान 25 टक्के आणि पंख्यावर किमान 35 टक्के असावी लागते. साधी चूल 10 ते 15 टक्क्यांत असते. तेव्हा सरपण निम्म्यावर येतं हा दावा ताणकाट्यावर दाखवता येतो. खोकला जाईल हा दावा करू नका. बाहेरची पाण्याची चूल पेटती राहिली तर घरात धूर येतच राहतो, आणि बाईचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

पायरी 7: आगाऊ पैसे मागून पारखा

"छान आहे" या शब्दाला किंमत देऊ नका. आठवडी बाजारात शेगडी पेटवा, तिथंच भाकरी करून दाखवा, आणि दोनशे रुपये आगाऊ मागा. ज्या वाक्यानंतर पैसे निघतात ते तुमचं वाक्य. एका बाजारात बचतीचं बोला, दुसऱ्या बाजारात वेळेचं, आणि कुठे किती जणांनी पैसे दिले ते मांडून ठेवा.

मग तिसऱ्या महिन्यात न कळवता त्या घरी जा. शेगडीवर तवा आहे की धान्याचा डबा ठेवलाय ते बघा. डबा असेल तर वही पुन्हा उघडा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.