वर्तुळकंसाची लांबी: सूत्रात आकडे कोंबायच्या आधी हे करा

दहावीच्या महत्त्वमापनात कंसाची, म्हणजे वर्तुळाच्या कडेच्या तुकड्याची, लांबी काढताना पोरं थेट सूत्रात (कोन/३६० × २ × π × त्रिज्या) सगळं भरतात, मग ३६० खाली, २२/७ वर, आणि काटाकाटीत गोंधळ होतो.

त्यापेक्षा,
१. आधी कंसाचा केंद्राशी होणारा कोन ३६० चा कितवा भाग ते बघा. ६० म्हणजे सहावा, ४५ म्हणजे आठवा, ७२ म्हणजे पाचवा, १२० असेल तर तिसरा.
२. पूर्ण परीघ काढा, आणि त्रिज्येला ७ ने भाग जात असेल तर π साठी २२/७ च घ्या, नाहीतर ३.१४ (गणितात दिलं असेल तर अर्थात तेच).
३. परिघाला त्या आकड्याने भागा, झालं.

त्रिज्या २१ सेमी, कोन ६० अंश: परीघ १३२, त्याचा सहावा भाग २२ सेमी. तोंडी होतं.

कोन ५० किंवा ७७ असा वाकडा आला तर मात्र सूत्रच बरं. आणि बांधकामाच्या साइटवर गोल रेलिंगचा पाइप किती लागेल एवढंच बघायचं असेल तर त्रिज्या गुणिले कोन भागिले ५७.३ करा, ४ फूट त्रिज्या आणि काटकोनी वळणाला साधारण ६.२८ फूट येतं.

एवढं लक्षात ठेवा, वर्तुळपाकळीची (दोन त्रिज्या आणि कंस यांच्यामधल्या भागाची) परिमिती विचारली असेल तर कंसाच्या लांबीत दोन त्रिज्या मिळवायच्या, तिथे मार्क जातात.