हप्ते थकले की कुणाकडे जावं, कुणाकडे नको

खाणीवरचा माल वाहायला कर्जावर घेतलेला आमचा टिपर 2018 च्या मार्चात खाणी बंद झाल्यावर दारात उभा राहिला तो राहिलाच. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात असे टिपर घरोघरी होते. 2012 मध्ये पहिल्यांदा खाणी बंद झाल्या तेव्हा कसंबसं निभावलं, या दुसऱ्या खेपेला मात्र हप्ते थकले. हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून बँकेचे फोनही मलाच. पुढच्या वर्षी गणेशचवथीच्या तोंडावर एका ‘कर्ज सल्लागारा’ला बारा हजार मोजून आले. वाड्यावरच्या बायका अजून विचारायला येतात, तर एकदाच लिहून काढते.

त्याचं ऑफिस म्हापशाला, पहिल्या मजल्यावर. एसी, टेबलावर गणपती, माणूस गोड. आमचं कर्जपत्र त्यानं उघडूनही पाहिलं नाही. “वहिनी, आजपासून हप्ता बंद. बँकेचा फोन उचलू नका. बँक आपसूक निम्म्यावर येते.” फी आधी, तीही ऑफिसच्या नव्हे तर कुणा मेव्हण्याच्या खात्यावर. अडीच महिन्यांनी सोनेरी किनारीचा कागद मिळाला: ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’. मी तो मिरवत बँकेत नेला. मॅनेजरनं कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं आणि काही न बोलता परत दिला. तोवर थकलेल्या हप्त्यांवर दंड चढलेला. पुढे 11 डिसेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेनं नेमक्या असल्याच प्रमाणपत्रवाल्यांपासून सावध राहायला सांगितलं. तोवर माझे बारा हजार कधीच गेले होते.

म्हणून सल्लागाराकडे गेलात की तो आधी काय मागतो ते बघा. पैसे, कोरा चेक, ओटीपी किंवा घराची मूळ कागदपत्रं मागितली तर चहा आला असेल तर पिऊन उठा. “आमची आत ओळख आहे” म्हणाला तर चहासाठीही थांबू नका.

खरा सल्लागार आधी घरखर्च विचारतो. मी शेवटी बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात गेले. ही केंद्रं बँकाच चालवतात, सल्ला फुकट असतो. पत्ता मिळत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारायचं. गोव्यात ती स्टेट बँक. तिथल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी माझी वही मागून घेतली. सिलिंडर किती दिवस जातो, मुलीच्या ट्यूशनला किती, सगळं विचारलं. भिशीच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून म्हणाले, “हे थकलं असताना हे कसं चालू?” मला राग आला. पण बोलले ते बरोबर होतं.

जाताना तयारीनं जा. प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजदर आणि थकलेले हप्ते एका पानावर लिहा, सोनाराकडचं उसनंसुद्धा. आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यासाठी एजंटला पाचशे रुपये देऊ नका.

बँकेशी तडजोड करायची तर बोलणं स्वतः शाखेत जाऊन करा. रक्कम आणि तारीख बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्या, आणि पैसे फक्त कर्जखात्यातच भरा. एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती: कमी रकमेत मिटवलेलं कर्ज रिपोर्टात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही. पुढचं कर्ज मागताना ते आडवं येतं. झेपत असेल तर मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा. आम्ही तेच केलं.

वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर तारीख-वेळ टिपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यालाही फी नाही. माहितीसाठी 14448 वर फोन करायचा. कोर्टाची नोटीस आली तर 15100 वर कायदेशीर मदतीचं विचारा. बाईमाणसाला त्या मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आमच्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. आणि ऑनलाइन पैसे पाठवून फसलात तर लाजत बसू नका, तासाभरात 1930 ला कळवा. मी आठ दिवस नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घेतल्याशिवाय उठू नका. तो आरटीओत दिला तरच गाडीच्या नोंदणीपत्रावरून, म्हणजे आरसीवरून, बँकेचं नाव निघतं. आमचं निघालं. ते सोनेरी प्रमाणपत्र मी ठेवलंय, वहीच्याच प्लास्टिकात. कुणी विचारायला आली की आधी तेच पुढ्यात ठेवते.