साइट बंद नव्हती, माझा ब्राउझर जुना होता

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि पावसाळ्यात पीकविमा. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण जुलैअखेरची असते. त्या पंधरवड्यात केंद्राच्या ओट्यावर चपला ठेवायला जागा उरत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत वस्तीवरचे एक मामा सलग तीन दिवस माझ्याकडे येत होते. फॉर्म भरला जायचा, पण कागद जोडायच्या पानावर बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. मी त्यांना सांगायचे, "साइट बंद आहे मामा, उद्या या." चौथ्या दिवशी ते औशाला गेले आणि येताना पावती मला दाखवायला घेऊन आले. म्हणाले, "तिथं तर दोन मिंटात झालं की गं लेकी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. उठून कॉम्प्युटर लावला, ब्राउझरची आवृत्ती बघितली. दीड वर्षापूर्वीची निघाली. हा सेकंड हँड कॉम्प्युटर घेताना ज्याने विंडोज टाकून दिलं होतं, त्याने अपडेट बंदच करून ठेवले होते, आणि मी एकदाही तपासलं नव्हतं.

तेव्हापासून जे शिकले ते इथे लिहिते. शहरातल्या फायबरच्या नेटवर हे सगळं आपोआप होत असेल. आपल्याकडे लाइट जाते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि कॉम्प्युटर कितीतरी दिवस बंदच केला जात नाही. त्यामुळे अपडेट वाटेत कुठेतरी अडकतो, आणि तो कुठे अडकलाय हे आपल्यालाच शोधावं लागतं.

विंडोजसोबत जो ब्राउझर येतो तो मायक्रोसॉफ्ट एज, निळ्या-हिरव्या लाटेच्या चिन्हाचा. आमच्याकडे अजूनही कुणी कुणी "त्या निळ्या ई वर क्लिक करा" म्हणतं. तो ई म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर, आणि विंडोज १० वर त्याचा कारभार १५ जून २०२२ ला संपला. आताचा एज जानेवारी २०२० मध्ये आला. तो क्रोमियम नावाच्या पायावर उभा आहे, क्रोमचाही पाया तोच.

आवृत्ती बघायला एज उघडा. उजवीकडे वर तीन आडवी टिंबं आहेत, त्यावर क्लिक करा. यादीत खाली 'हेल्प अँड फीडबॅक' आणि त्यात 'अबाउट मायक्रोसॉफ्ट एज'. हे पान उघडलं की तपासणी आपोआप सुरू होते, दुसरं काही दाबावं लागत नाही. सगळं ताजं असेल तर तसं लिहून येतं. नवीन काही असेल तर ते उतरतं आणि 'रीस्टार्ट' असं बटण येतं.

लोक सर्वात जास्त अडकतात ते याच बटणाशी. नवी आवृत्ती उतरून डिस्कवर बसलेली असते, पण रीस्टार्ट होईपर्यंत तुम्ही जुन्याच आवृत्तीत काम करत असता. एज नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये मांडतो आणि ब्राउझर पुन्हा उघडला की तिकडे जातो. यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. उतरवताना लाइट गेली तरी सहसा बिघडत नाही, जुनी आवृत्ती जागेवर असते आणि लाइट आल्यावर काम पुन्हा सुरू होतं. पण ब्राउझर बंदच केला नाही तर नवी आवृत्ती तशीच पडून राहते. लॅपटॉपचं झाकण लावलं म्हणजे ब्राउझर बंद झाला, असं मी कितीतरी दिवस समजत होते. झाकण लावल्यावर लॅपटॉप फक्त झोपतो. सकाळी झाकण उघडलं की तोच जुना ब्राउझर, त्याच वीस टॅबसकट पुढे चालू.

रीस्टार्ट दाबलं की उघडे टॅब परत येतात. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र येईलच असं नाही, आणि इनप्रायव्हेट खिडकीत, म्हणजे बंद केल्यावर मागची नोंद न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडलेलं तर काहीच परत येत नाही. मी गिऱ्हाइकाचं बँकेचं काम इनप्रायव्हेटमध्येच करते, म्हणून समोर कुणी बसलेलं असताना रीस्टार्टला हात लावत नाही. अपडेट थांबून राहिला असेल तर त्या तीन टिंबांवर खूण दिसते, आणि बरेच दिवस टाळलं की तिचा रंग बदलतो. ती खूण दिसली की मी त्या संध्याकाळपुढे ढकलत नाही.

आता हॉटस्पॉटचं. दुसऱ्या दिवसाचा डेटा मिळेपर्यंत पुरवायचा असतो, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरायचं, करून ठेवलेलं असतं. मीही ठेवलंय, आणि ते योग्यच आहे, नाहीतर विंडोजचे मोठे अपडेट दुपारीच सगळा डेटा संपवतात. पण मीटर्ड कनेक्शनवर एजही अपडेट उतरवायचं थांबवू शकतो. त्याच 'अबाउट' पानावर मीटर्ड कनेक्शनवरून अपडेट उतरवू द्यायचा एक खटका असतो. तो चालू करा. विंडोजचं मीटर्ड तसंच राहू द्या. दोन्ही वेगळे आहेत हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

ज्यांच्याकडे नेट अगदीच रडतंखडत चालतं त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर व्यवसायांसाठी एजची पूर्ण इन्स्टॉलर फाइल मिळते. औशाला किंवा लातूरला चांगल्या नेटवर ती उतरवून पेनड्राइव्हवर आणायची आणि गावातल्या तीन-चार कॉम्प्युटरवर लावायची. मी पलीकडच्या गावातल्या केंद्रासाठी असं करते. फाइल दर वेळी नवी उतरवा. गेल्या दिवाळीची फाइल पेनड्राइव्हवर पडलेली असेल तर ती आता कामाची नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून एजची मोठी आवृत्ती दर चार आठवड्यांनी यायला लागली, आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात त्या वेगळ्याच.

कधी कधी 'अबाउट' पानावर तपासणीच होत नाही, चूक झाली असा निरोप येतो. तेव्हा आधी खाली उजवीकडचं घड्याळ बघा. माझ्याकडे नणंदेच्या मुलाने एक डेस्कटॉप आणला होता. कुठलीच साइट उघडेना, जिथे तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. त्याने अँटिव्हायरस काढून टाकला होता, नेटवाल्याशी भांडून झालं होतं. मी बघितलं तर तारीख २००९ सालची. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटकडे तिच्या ओळखीचं प्रमाणपत्र असतं आणि त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरला वाटतं आपण २००९ मध्ये आहोत, मग आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. अपडेटही त्याच दारातून येत असतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि स्वस्त आहे. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून तो बदला. मग सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम', आणि 'सिंक नाऊ'. टाइम झोनच्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असायला हवं.

घड्याळ बरोबर असून अडत असेल तर माझ्या कॉम्प्युटरवर झालं तसे कुणीतरी अपडेट बंद करून ठेवले असण्याची शक्यता मोठी. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून ते उघडा. यादीत मायक्रोसॉफ्ट एज अपडेट सर्व्हिस नावाच्या दोन ओळी दिसतील. मूळ मांडणीत एक 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' असते आणि दुसरी 'मॅन्युअल'. माझ्याकडे दोन्हींपुढे 'डिसेबल्ड' होतं. ओळीवर दोनदा क्लिक करून 'स्टार्टअप टाइप' मूळ जागी आणा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावा आणि परत 'अबाउट' पान उघडा. तरीही जमलं नाही तर सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'च्या यादीत मायक्रोसॉफ्ट एज शोधून 'मॉडिफाय' आणि मग 'रिपेअर'. याला नेट लागतं. तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड जागेवर राहतात, मी दोनदा केलंय.

एक धोका मी प्रत्येक पोराला समोर बसवून सांगते. एखादी साइट उघडल्यावर मध्येच चौकट येते, 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथून अपडेट करा', आणि एक फाइल उतरते. ती फाइल उघडायची नाही, खिडकी बंद करायची. एजचा अपडेट एजच्या 'अबाउट' पानातून येतो, कुठल्या सिनेमाच्या किंवा निकालाच्या साइटवरून येत नाही. शंका आली की तीन टिंबांपासून सुरुवात करा. खरंच जुना असेल तर तिथे कळेलच.

कुणी विचारतं, साइट चालतेय ना, मग एवढा घोर कशाला? माझ्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये एका वेळी अर्ध्या गावाचे आधार, पासबुकं आणि सातबारे पडलेले असतात. लोक ते माझ्या हातात देतात आणि ओट्यावर निवांत बसतात. ३० जून २०२५ ला गुगलने क्रोमच्या सुरक्षेतल्या एका भोकाची दुरुस्ती जाहीर केली. पानांवरची जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ नावाच्या भागात ते भोक होतं आणि हल्लेखोर ते आधीपासून वापरत होते. पाया एकच असल्याने एजलाही पाठोपाठ दुरुस्ती आली. म्हणजे ऐन विम्याच्या गर्दीच्या तोंडावर. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे आहे हे सगळ्या चोरांनाही कळतं, आणि मागे राहिलेल्यांची घरं तेवढी उघडी राहतात. दर आठवड्याला फोल्डर रिकामा करणं हेही मी त्याच कामाचा भाग मानते.

जुन्या विंडोजचं काय, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. विंडोज की आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' हे इंग्रजीत टाइप करा, कुठलं विंडोज आहे ते दिसेल. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर एज १०९ या आवृत्तीवर थांबला आहे, २०२३ च्या जानेवारीपासून. क्रोमचंही तिथे १०९ वरच थांबलं. तिथे कितीही वेळा 'अबाउट' उघडून काही येणार नाही. असा कॉम्प्युटर टायपिंग आणि प्रिंटसाठी ठेवा, बँक आणि आधार त्यावर नको. विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण २२एच२ या त्याच्या शेवटच्या आवृत्तीवर एजचे अपडेट निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. ब्राउझर ताजा राहील, घराची भिंत जुनी होत जाईल. पैसे साठवायला तेवढा वेळ आहे.

एखादी जुनी साइट नव्या ब्राउझरवर चालत नाही म्हणून अपडेट अडवून ठेवू नका. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' या भागात इंटरनेट एक्स्प्लोरर मोडची सोय आहे. तेवढ्या एका पानाचा पत्ता त्या यादीत घाला. तो तीस दिवस राहतो, मग पुन्हा घालावा लागतो. मॅक वापरणाऱ्यांचा सफारी मॅकओएसच्या अपडेटसोबत येतो, सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट'. मोबाइलवरचा क्रोम प्ले स्टोअरमधून.

माझा दिवस शुक्रवार, कारण शनिवारी आमच्याकडे बाजार आणि गर्दी. सहाच्या सुमाराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की अर्धवट फॉर्म जतन करते, 'अबाउट' उघडते, रीस्टार्ट देते. मग अंगठ्याचं मशिन लावून एकदा स्वतःचाच अंगठा घेऊन बघते, कारण अपडेटनंतर ब्राउझर कधी कधी नव्याने परवानगी विचारतो आणि ती गर्दीत विचारलेली नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारच्या चौकोनात आवृत्तीचे पहिले तीन आकडे लिहिते. दीड महिना तोच आकडा दिसला तर काहीतरी अडकलंय, हे न शोधताच कळतं.

आता साइट अडली की मामांना "उद्या या" म्हणायच्या आधी मी कॅलेंडरकडे बघते, मग मोबाइलवर तीच साइट उघडून बघते. तिथेही नाही उघडली, तरच सांगते.