अ‍ॅम्बॅसेडरच्या बॉनेटखाली नळ्यांची मांडणी कशी करावी

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचे पुनरुज्जीवन करताना पत्र्याच्या, रंगाच्या आणि इंजिनाच्या कामाला जेवढा वेळ दिला जातो, त्याचा अल्पसा वाटाही बॉनेटखालच्या नळ्यांच्या वाट्याला येत नाही. इंजिन उत्तम बांधलेले असूनही गाडी तापते, घाटात बंद पडते किंवा पेट्रोलचा वास सोडते, तेव्हा दोष अनेकदा एखाद्या नळीच्या मार्गात असतो. नळीचा मार्ग ठरवताना तीन प्रश्न विचारावेत: जवळ उष्णता कुठे आहे, चालू इंजिन किती हलते, आणि नळीतला द्रव किंवा वायू कोणत्या दिशेने जातो. डोळ्यांना नीटनेटकी दिसणारी रचना या प्रश्नांना उतरत नसेल, तर ती बदलावी.

येथे हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा (पश्चिम बंगाल) येथील कारखान्यातून दीर्घकाळ बाहेर पडत राहिलेली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-मालिकेतील १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची गाडी गृहीत धरली आहे. या इंजिनाचे एक वैशिष्ट्य आधी लक्षात घ्यावे. त्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणारे फाटे) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, एकाच बाजूला आहेत, त्यामुळे पेट्रोल व हवा मिसळणारा कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी लगत बसतो, तर प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला असतो. पेट्रोलच्या नळीला उष्णतेच्या शेजारी जावेच लागते आणि कार्ब्युरेटरकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीला इंजिन ओलांडावे लागते. पुढचे बरेचसे निर्णय या रचनेतून येतात.

काम सुरू होते ते गाडी खोलण्यापूर्वी. प्रत्येक नळीचे दोन्ही टोकांकडून आणि वरून फोटो घ्यावेत, लांबी व आतला व्यास मोजून ठेवावा आणि टोकांना चिठ्ठ्या बांधाव्यात. मात्र समोर दिसणारी मांडणी मूळचीच आहे असे मानू नये, कारण इतक्या वर्षांत अनेक मिस्त्र्यांचे हात गाडीला लागलेले असतात. मूळ मार्गाची साक्ष पत्रा देतो: रिकामी राहिलेली छिद्रे, जुन्या क्लिपखाली टिकून राहिलेला रंग, फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरची) बुजवलेली ग्रोमेटची, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्याची, जागा. या खुणा वर्कशॉप मॅन्युअलमधील आकृत्यांशी ताडून पाहाव्यात आणि रंगाऱ्याने पुटी भरण्याआधी त्यांची नोंद करावी. नंतर त्या कायमच्या जातात.

शेवटचा रंग मारण्यापूर्वी एकदा सगळे कच्चे जोडून पाहणे मला अत्यावश्यक वाटते. इंजिन नव्या माउंटिंगवर बसवावे, रेडिएटर, पंखा, बॅटरी आणि एअर क्लीनर जागेवर ठेवावेत, नळ्या क्लिपा न आवळता लावाव्यात आणि बॉनेट बंद करून पाहावे. माउंटिंग जुनीच ठेवून ही चाचणी केली तर तिचा उपयोग नाही, कारण दबलेल्या रबरावर इंजिन खाली बसते आणि पंखा व नळी यांमधले अंतर चुकीचे दिसते. नवे छिद्र पाडावे लागणार असेल तर ते याच वेळी पाडावे. पक्क्या जोडणीत आधी ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या धातूच्या नळ्या, मग वायरिंग, त्यानंतर व्हॅक्यूम आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी), आणि सर्वांत शेवटी पाण्याच्या जाड नळ्या असा क्रम ठेवावा.

पेट्रोलच्या नळीला सर्वाधिक काळजी द्यावी. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, यामागचे कारण बहुधा व्हेपर लॉक, म्हणजे वाफेने पेट्रोलची वाट अडणे, असते. गाडी थांबताच पंख्याची हवा बंद होते, मॅनिफोल्डची उष्णता बॉनेटखाली साचते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. म्हणून इंजिनावरच्या यांत्रिक पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी एक्झॉस्टपासून शक्य तितकी दूर न्यावी आणि जिथे जवळून नेणे टळत नाही तिथे मध्ये पत्र्याचे उष्णतारोधक कवच बसवावे. मूळ नळी धातूची होती तिथे धातूचीच ठेवावी. रबर फक्त हलणाऱ्या सांध्यापुरते, आखूड असावे. सोयीसाठी संपूर्ण मार्ग रबराने जोडण्याची पद्धत सर्रास दिसते, तिला माझा ठाम विरोध आहे. काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर एक्झॉस्टच्या वर लटकत ठेवणे तर उघड धोक्याचे आहे. गाडीला एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट चेंबरच्या (त्यातल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीच्या) झाकणातून निघणारी ओव्हरफ्लोची नळी मॅनिफोल्डच्या खालपर्यंत नेऊन सोडावी, म्हणजे पेट्रोल थांबवणारी सुई अडकून ते वाहू लागले तरी ते तापलेल्या धातूवर पडणार नाही.

रबराची जातही मार्गाइतकीच महत्त्वाची आहे. २०२३पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले, आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, मऊ पडते व आतून सुटते. त्यामुळे फ्लुरोइलास्टोमर या इंधन सोसणाऱ्या रबराचे अस्तर असलेली, एसएई जे३० आर९ (SAE J30R9) या मानकाचा शिक्का असलेली नळी घ्यावी. पाण्याच्या नळ्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. हे रबर उष्ण कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) टिकते, पण पेट्रोल आणि ऑइलने खराब होते. ब्रेक ऑइलचे याच्या उलट आहे: त्यात ईपीडीएम टिकते आणि पेट्रोलची नळी फुगते. म्हणून हाताशी उरलेला तुकडा दुसऱ्या कामासाठी कधीही वापरू नये, आणि गळक्या रॉकर कव्हरखालून (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून) रेडिएटरची नळी नेलेली असेल तर आधी गळती बंद करावी.

पाण्याच्या वरच्या नळीने थर्मोस्टॅटच्या (पाण्याची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेच्या) घरापासून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे सतत चढत जावे. मध्ये उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि पाणी भरलेले दिसूनही इंजिन तापते. खालची नळी पाण्याच्या पंपाच्या शोषणाच्या बाजूला असते. ती मऊ असेल तर जास्त वेगात आत ओढली जाऊन चपटी होते, म्हणून मूळ नळीत तारेची स्प्रिंग असेल तर नव्या नळीतही ती घालावी. शहरात न तापणारी गाडी महामार्गावर तापत असेल, तर सर्वांत आधी हीच नळी पाहावी. कारखान्यात वळण दिलेली साच्यातली नळी मिळत असेल तर तीच घ्यावी. सरळ नळी जबरदस्तीने वाकवली की वळणाच्या आत घडी पडते आणि टोकांचा ताण रेडिएटरच्या पितळी नळकांड्यावर येतो. पंखा आणि नळी यांत किमान दोन बोटांचे अंतर असावे. हीटर असेल तर हेडच्या मागच्या भागातून गरम पाणी बाहेर पडते आणि परतीची नळी पंपाच्या शोषणाच्या बाजूला मिळते. या दोन्ही नळ्या मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूने न्याव्यात.

ब्रीदरची नळी क्षुल्लक समजून वाटेल तशी वळवली जाते. तिच्यात खोलगट भाग राहिला तर पावसाळ्यात त्यात पाणी आणि ऑइलची पांढरट साय साचून वाट बंद होते, आणि क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब दुसरीकडून बाहेर पडू पाहतो. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नसून ऑइल आत परतवणारे आटे आहेत, त्यामुळे दाब वाढताच क्लचच्या बाजूने ऑइल झिरपू लागते आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा नाहक खर्च होतो. म्हणून नळी रॉकर कव्हरकडे उतरती ठेवावी. व्हॅक्यूमच्या बारीक नळीची रबरी टोके नवी घालावीत आणि ती प्लगच्या वायरींना टेकू देऊ नये.

इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या प्रत्येक नळीला थोडी ढील हवी. आवळताना ग्रीस किंवा सीलंट लावू नये, साधे पाणी पुरते. क्लिप नळकांड्यावरच्या उठावाच्या आतल्या अंगाला आणि नळीच्या टोकापासून सुमारे पाच मिलिमीटर आत बसवावी, तिचा स्क्रू नंतर पान्याने पोहोचता येईल अशा बाजूला ठेवावा. पेट्रोलच्या नळीवर छिद्रांची पट्टी असलेली क्लिप रबर कापते, म्हणून तिथे गुळगुळीत, दुमडलेल्या कडांची क्लिप वापरावी. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक जागी ग्रोमेट असावेच.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना अग्निशामक हाताशी ठेवून कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगावे आणि इंजिन हलताना कोणती नळी कुठे घासते ते टॉर्चच्या प्रकाशात, हात पंख्यापासून दूर ठेवून पाहावे. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झाले की रबर दबलेले असते, तेव्हा सर्व क्लिपा पुन्हा एकदा हलक्या हाताने आवळाव्यात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बॉनेट उघडून नळ्यांवर चकाकणारे घासल्याचे ठिपके शोधावेत. असा ठिपका दिसला तर नळीवर नुसते वेष्टण न गुंडाळता तिचा मार्ग किंवा क्लिपची जागा बदलावी.